पुठ्ठ्यावरची गोदावरी

सुरुवातीलाच माफी मागून घेतो. लेख लिहिणं हे ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट असतं त्यांचं काम, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरात कपाट आहे, पण त्यात आईची ठेवणीतली दोन लुगडी, रेशनकार्ड आणि माझी पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं आहेत. उमरी तालुक्यातल्या आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे रीत कोणती आणि चूक कोणती, हे मला बहुतेक वेळा चूक करून झाल्यावर कळतं. मराठीच्या सरांनी वार्षिकांकासाठी एखाद्या ऋतूवर लिहायला सांगितलं. मला एकच ऋतू थोडाफार कळतो, तो परीक्षेचा. त्यातही जो सांगावासा वाटतो तो माझ्या परीक्षेचा नाही, दुसऱ्या एकीच्या परीक्षेचा आहे. तिला हा लेख डोळ्यांनी वाचता येणार नाही. तिला कोणीतरी तो वाचून दाखवावा लागेल, आणि ते काम बहुधा माझ्याकडेच येईल. म्हणून जपून लिहितो आहे.

लातुरात मार्च लागला की आमच्या वसतिगृहाच्या अंगणातला कडुलिंब पानं टाकायला लागतो. सकाळी झाडून काढावं, तर दुपारी परत पिवळा थर. जिन्यात कोणीतरी पाठांतर करत वर-खाली फेऱ्या मारत असतो. झेरॉक्सच्या दुकानातून गरम कागदाचा वास येतो. चौकातल्या मोठ्या फलकांवर गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो असतात. वर्षभराच्या उन्हानं त्यांचे चेहरे निळसर पडलेले असतात, आणि त्यांच्यावर आता नवे चेहरे चिकटवायचे असतात. खाली टाकीपाशी बादल्या आपटत असतात. या सगळ्यात मी गेलं वर्षभर नुसता दमलेला आहे. माझेही दोन विषय राहिले आहेत. पुस्तक उघडलं की मला एक आवाज ऐकू येतो. तो माझाच असतो, पण दीडपट वेगानं वाजवलेला.

त्या आवाजाला सोनटक्के मॅडम कारण. त्या आम्हाला इतिहास शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. आठवडाभर लातुरात तास घ्यायच्या आणि रविवारी चाकूरला जाऊन पिठाच्या गिरणीमागच्या एका खोलीत शाळा सुटलेल्या लोकांना दहावीला बसवायच्या, बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून. एकदा त्यांनी वर्गात विचारलं, कोणाला मोठ्यानं वाचायची सवय आहे का. कोणी हात वर केला नाही. मीही केला नाही. पण मी दाराजवळ बसलो होतो आणि तास संपल्यावर बाहेर पडायला दार तेवढं एकच होतं.

त्या खोलीत गिरणीचा पट्टा दिवसभर फटफटत असायचा आणि सगळ्यांच्या केसांवर पिठाची बारीक धूळ बसायची. शिलाई मशीन चालवणाऱ्या एक बाई एका कानात तार घालून धडे ऐकायच्या. मॅडमनी त्यांच्यासाठी प्रत्येक धड्याचे छोटे छोटे तुकडे केले होते, एक झंपर शिवून होईपर्यंत एक तुकडा संपेल एवढे. हॉटेलात भट्टीवर असणारे एक गृहस्थ होते. त्यांना बारीक अक्षर दिसायचं पण लागायचं नाही, म्हणून त्यांच्या फोनवर एका वेळी एकच ओळ, मोठ्या अक्षरात. एक मुलगी बोलताना अडखळायची. चार माणसांत उत्तर द्यायचं म्हटलं की रडायची. ती घरी बसून उत्तरं रेकॉर्ड करून पाठवायची, आणि त्यात ती फार कमी अडखळायची.

मॅडमचं हजेरीचं रजिस्टर होतं. त्यात नावापुढे हजर-गैरहजर असे रकाने नव्हतेच. एकच रुंद रकाना होता आणि वर मॅडमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘कसं कळतं?’ शिलाईवाल्या बाईंपुढे ‘काम करताना ऐकून’. भट्टीवाल्यांपुढे ‘थोडं थोडं, मोठं’. एका नावापुढे ‘दुसऱ्याला शिकवून’. मॅडमनी मला विचारलं, तुझ्यापुढे काय लिहू? मला सांगता येईना. चौदा-पंधरा वर्षं शिकत होतो, पण मला कसं कळतं हे कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाल्या, राहू दे, घाई नाही.

नंदाताईच्या नावापुढे लिहिलेलं होतं, ‘ऐकून’.

नंदाताई चाकूरपासून पुढे आत असलेल्या एका खेड्यातली, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. सातवीत असताना तिची नजर हळूहळू गेली आणि शाळाही गेली. शेत आहे, मोठा भाऊ आहे, आई आहे. भावानं शेवटी एकदा दहावीला बसायला हो म्हटलं होतं, पण एकदाच. फोन त्याचा होता. परीक्षा होईपर्यंत फोन नंदाताईजवळ राहणार, मग भाऊ तो घेऊन हैदराबादला कामाला जाणार. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या एका हिवाळ्यात आणि त्या एका मार्चमध्ये. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तुम्ही म्हणाल, आता फोनच वाचून दाखवतो की. दाखवतो. पण पुस्तकाची जी फाइल आम्हाला मिळाली होती तिची अक्षरं फोनला ओळखताच यायची नाहीत. फोनमधली बाई दोन शब्द मराठी बोलायची आणि मग ‘चौकोन, चौकोन, चौकोन’ म्हणत सुटायची. नंदाताईनं ते पानभर ऐकलं होतं, मधेच काहीतरी येईल या आशेनं. म्हणून मग माणसाचा आवाज हवा होता.

मी दुपारी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, डोक्यावर गोधडी घेऊन रेकॉर्ड करायचो. गोधडी आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आत एवढं उकडायचं की घाम पुस्तकावर पडायचा. मी ठरवलं होतं की शुद्ध वाचायचं. आमच्या बोलीची मला लातुरातसुद्धा थोडी चोरी वाटते, मग पुस्तक वाचताना तर फारच. म्हणून बातम्या देतात तसा आवाज काढला. पहिले तीन धडे झाल्यावर रविवारी तिच्या घरी गेलो. तिच्या आईनं चहा टाकला. नंदाताई म्हणाली, “भाऊ, त्या फोनात कोण बोलून राहिलंय?”

मी म्हटलं, मीच की.

“तू न्हाईस. तू आत्ता दारात ‘लई ऊन हाय मावशी’ म्हणत आलास. त्यो बातम्यावाला कोण हाय?”

तिची आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो, पण मला लाज वाटली, आणि कशाची वाटली ते नीट कळलं नाही. त्यानंतर मी धडा पुस्तकासारखा वाचायचो आणि मग थांबून घरी बोलतो तसं सांगायचो, की बघ ताई, हे असं असं म्हणून राहिलेत. पुढे पुढे ते सांगणंच लांबत गेलं. नंदाताई सगळं दीडपट वेगानं ऐकायची. म्हणायची, “वेगात तू लई हुशार वाटतोस रे. हळू लावलं की मग कळतंय.”

गोधडीतून सगळाच आवाज अडत नसे. विज्ञानाच्या चौथ्या धड्यात खाली कोणाच्या तरी हातून पत्र्याची बादली पडली आहे. इतिहासात एका ठिकाणी कावळा आहे. नागरिकशास्त्रात मेसची घंटा वाजते आणि तिथून माझं वाचणं जरा घाईचं होतं. मला वाटलं होतं हे सगळं परत करावं. नंदाताई म्हणाली, अजिबात करू नकोस. तिला उत्तरं त्यांच्यामुळेच सापडायची. प्रश्न विचारला की मान तिरकी करून म्हणायची, “थांब, हे बादलीच्या फुडचं हाय.” आणि सांगायची, बिनचूक. आम्ही पानाचा कोपरा दुमडतो, तशी तिच्याजवळ बादली होती.

माझी खरी भीती इंग्रजीची होती. मला स्वतःलाच ते धड येत नाही. एक धडा तीनदा रेकॉर्ड करावा लागे, तरी मधे अडखळायचो. नंदाताईला अक्षरं सातवीपर्यंतची आठवत होती, पण परीक्षेत लिहिणार होती नववीतली एक मुलगी, म्हणजे तिची लेखनिक. नंदाताईनं तोंडी सांगायचं आणि त्या मुलीनं ते उतरवायचं. इंग्रजीत एकेका शब्दाचं स्पेलिंग सांगत बसायचं म्हणजे वेळ जाणार. तेव्हा इंग्रजीचा सराव रोज हवा, हे मला कळत होतं. मॅडमनीही सांगितलं होतं. आणि तरी फेब्रुवारीत मी काय केलं, ते आता लिहायला हवं.

भूगोल वाचताना माझं असं व्हायचं की धड्यात ‘खालील नकाशा पाहा’ आलं की मी म्हणायचो, “इथं नकाशा आहे,” आणि पुढचं वाचायला लागायचो. असं किती वेळा केलं ते मला माहीतही नव्हतं. तिनं मोजलं होतं. एका रविवारी ती शांतपणे म्हणाली, “अकरा वेळा तू म्हणालास इथं नकाशा हाय. हाय, तर सांग की त्यात काय हाय.”

मी सांगायला गेलो. वर हे, खाली ते, डाव्या हाताला समुद्र. दोन वाक्यांत माझी गाडी अडकली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुला दिसून राहिलंय म्हणून तुला सांगता येत न्हाई.”

पुढच्या रविवारी मी वह्यांच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा घेऊन बसमध्ये बसलो. त्यावर महाराष्ट्र काढला. कडेनं सुतळी डिंकानं चिकटवली. समुद्राच्या जागी पॉलिश पेपर, हात खरखरावा म्हणून. सह्याद्रीला अर्धे फोडलेले चिंचोके, एकाखाली एक. नद्यांना लोकर, गोदावरीला जाड दुहेरी, मांजरेला बारीक. जिल्ह्यांच्या ठिकाणी डाळीचे दाणे लावले. लातूरला हरभऱ्याची डाळ, नांदेडला तुरीची. मला त्या कामाचा फार आनंद झाला होता. शाळेत असताना माझ्या एकाही नकाशाला ‘छान’ मिळालं नव्हतं.

आठ दिवसांनी गेलो तर तिची आई दारातच म्हणाली, “आलाव का बाबा. तुमचं नांदेड उंदरानं खाल्लं.”

नांदेडच नाही, लातूर आणि अर्धा विदर्भ पण गेला होता. मग आम्ही डाळीच्या जागी शर्टाची जुनी बटणं लावली. त्यात एक रविवार गेला. पुढचा रविवार सुतळी निघाली म्हणून गेला. मधल्या दिवसांत मी वसतिगृहात बसून धड्यांतले बाकीचे नकाशे करत होतो, पावसाचा, पिकांचा, खनिजांचा, आणि रेकॉर्डिंग थांबलं होतं. तीन आठवडे. इंग्रजीचं पत्रलेखन आणि शेवटच्या कविता तशाच राहिल्या. करू, अजून वेळ आहे, असं मी म्हणत होतो.

त्यातली एक दुपार मला सारखी आठवते. दारापुढच्या ओट्यावर सावली होती. मावशी चिंच फोडत बसल्या होत्या. नंदाताईनं पुठ्ठा मांडीवर घेतला आणि सुतळीवरून बोट फिरवत एक पूर्ण चक्कर मारली. मग लातूरचं बटण शोधलं. तिथून समुद्रापर्यंत बोटं टेकवत गेली. सहा बोटं भरली. मग म्हणाली, “तुझं गाव?” मी तिचं बोट धरून नांदेडच्या बटणाजवळ, जरा आतल्या बाजूला नेलं.

“इतकंच? अन् त्येवढ्यात तू गावाहून इतका दमून येतोस?”

मी म्हटलं, ताई, मधे तीन बस बदलाव्या लागतात. ती म्हणाली, नकाशात बस दाखवायच्या राहिल्या की मग.

नंतर तिनं गोदावरी धरली. वर नाशिकपासून. लोकरीवरून बोट हळूहळू सरकत आलं, पैठणपाशी थांबलं, परत निघालं. मी मधे मधे नावं सांगत होतो. थोड्या वेळानं मी सांगायचं थांबलो, कारण तिला ते नको होतं असं वाटलं. बोट नांदेडच्या बटणाला लागून पुढे गेलं आणि पुठ्ठा संपला. ती तशीच बोट कडेला ठेवून बसली. “फुडं?” मी म्हटलं, पुढे तेलंगण, मग खूप लांब जाऊन पलीकडचा समुद्र. तिनं बोट काढलं नाही. मावशींच्या हातातली चिंच फुटल्याचा तेवढा आवाज होता.

मला तेव्हा वाटलं, भूगोलाचं झालं काम. नकाशाचे मार्क आता कुठं जात नाहीत.

इंग्रजीच्या पेपराला मी शाळेच्या फाटकाबाहेर उभा होतो. ती बाहेर आली आणि म्हणाली, “बघू.” नुसतं बघू. लेखनिक मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली की पत्र पुरं झालं नाही, स्पेलिंग सांगण्यात वेळ गेला. मी मनाशी म्हटलं, भूगोल भरून काढेल. विषय वेगळे असतात, एकाचे मार्क दुसऱ्याला लागत नाहीत, हे काय मला माहीत नव्हतं? पण माणूस फाटकाबाहेर उभा असला की काहीही म्हणतो.

भूगोलाच्या दिवशी ऊन फार होतं. लेखनिक मुलगी आधी बाहेर आली. मी विचारलं, नकाशा कसा गेला? ती म्हणाली, “नकाशा नव्हताच. ज्यांना दिसत नाही त्यांना त्याच्या बदली दुसरा प्रश्न असतो. तिथं लिहिलेलंच होतं.”

हे मला माहीत नव्हतं. कोणीही सांगितलं असतं, विचारलं असतं तर. मॅडमना विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. मी विचारलंच नव्हतं, कारण नकाशा आहे म्हणजे नकाशाचा प्रश्न येणारच, एवढंच मला ठाऊक. जिच्याकडे एकच मार्च होता, तिचे तीन आठवडे मी सुतळी आणि बटणांत घालवले होते.

नंदाताई आईच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आली. चेहरा नेहमीसारखाच. नकाशाचं मी तिला काही सांगितलं नाही. मावशींनी सोललेल्या चिंचेची एक पिशवी हातात दिली, “घरी ने, आईला दे,” म्हणाल्या. बसमध्ये ती पिशवी मांडीवर ठेवून मी लातूरला आलो. त्यानंतर तिच्या गावी गेलो नाही.

निकालाच्या दिवशी मी उमरीकडे, आमच्या गावी होतो. आमच्या वस्तीत फोनला रेंज विहाराच्या पायरीवरच येते. त्याच पायरीवर बसून मी दहावीचा अभ्यास केलेला आहे. निकालाच्या पानावर दोन चौकटी असतात. एकीत बैठक क्रमांक, तो मला तोंडपाठ होता. तिला पाठ व्हावा म्हणून मॅडमकडून फोनवर घेऊन मीच रेकॉर्ड करून दिला होता. दुसरीत आईचं नाव.

आणि मला तिच्या आईचं नाव माहीत नव्हतं.

एक हिवाळाभर त्या घरात गेलो. त्या बाईच्या हातचा किती चहा प्यालो, किती वेळा जेवलो. मावशी, एवढंच. गल्लीत त्यांना सगळे ‘नंदाची आई’ म्हणायचे. मला विचारायचं कधी सुचलंच नाही. पायरीवर बसून मी सुनीता टाकलं, मंगल टाकलं, काशीबाई, शोभा, गयाबाई. प्रत्येक वेळी लाल अक्षरात एकच ओळ आली की माहिती जुळत नाही. भावाचा फोन बंद होता. मेसेज पाठवला, त्यावर एकच खूण आली, ती तशीच राहिली.

आता जे खरं आहे ते लिहितो. मॅडमचा नंबर माझ्याजवळ होता. फॉर्म त्यांनीच भरला होता, त्यांना नाव माहीत होतं. मी फोन केला नाही. आईचं नाव माहीत नाही, या कारणाचा मला आधारच वाटला. जोपर्यंत ती चौकट रिकामी, तोपर्यंत नंदाताई नापास झालेली नाही आणि माझे तीन आठवडेही वाया गेलेले नाहीत. असं करत पाऊस गेला, दिवाळी गेली. मॅडमना पुढच्या वर्षी तास मिळाले नाहीत. त्या नांदेडकडे कुठं तरी गेल्याचं कळलं. चाकूरच्या खोलीत आता गिरणीवाल्यानं पोती ठेवली आहेत. ते रजिस्टर कुठं गेलं, माहीत नाही. माझ्या नावापुढचं प्रश्नचिन्ह त्यात तसंच असेल.

आमच्या कॉलेजात यंदा मोठा पडदा आला आहे. हजेरी फोनवर लागते. नोट्सच्या फाइली ग्रुपवर येतात, एकावर एक. मी त्या उघडतो आणि माझ्या मनात येतं की यातली किती पानं कोणाला तरी चौकोन, चौकोन अशी ऐकू येत असतील. मग वाचायचं मन होत नाही. कोणाला सांगावं तर म्हणतात, तू स्वतःचे दोन विषय आधी काढ. तेही बरोबरच आहे.

गेल्या आठवड्यात कडुलिंबाखाली बसलो होतो. अनोळखी नंबरवरून आवाजाचा मेसेज आला. मी लावला.

“भाऊ, नंदा बोलून राहिले. हा फोन माझा हाय, माझा सोत्ताचा. निकालाच्या दिशी तुझी वाट बघितली. मग राग धरला. पर राग धरून ठेवायला बी फोन लागतोय, त्यो न्हवता. ऐक. मार्चला इंग्रजी गेली. बाकी सगळं निघालं. जुलैला भाऊ नको म्हणत होता, आई म्हणाली बसू दे, मग बसले. तुझे धडे भावानं जाताना कार्डात भरून दिलेले, शेजारच्यांच्या रेडिओत लावून ऐकले. सगळ्या गल्लीला तुझी इंग्रजी पाठ हाय आता, अडखळण्यासकट. राहिलेलं त्या लेखनिक पोरीनं वाचलं. काठावर निघाले. अकरावी यंदा न्हाई जमली, जूनला बघू.”

मी तो तीनदा ऐकला. मग एकदा हळू वेगावर. पानं खांद्यावर पडत होती, झटकावीशी वाटली नाहीत.

दुसरा मेसेज लगेच आला. “मॅडम बोलल्या होत्या, निकालाला आईचं नाव लागतंय, ते विचारायला तरी तू त्यांना फोन करशील. धुरपता. धुरपताबाई. अन् नकाशा हाय अजून भिंतीला. लातूरचं बटन पडलेलं, आईनं दाभणानं पुठ्ठ्याला शिवून टाकलं. आता उंदराच्या बापाला निघत न्हाई.”

मी विहाराच्या पायरीवर काय काय नावं टाकली होती ते आठवलं. धुरपता मला सुचलंच नसतं.

उत्तर रेकॉर्ड करायला घेतलं. दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा न थांबता बोललो. ताई, चूक माझी झाली. नकाशाचा प्रश्न तुला येणारच नव्हता, हे मला पेपराच्या दिवशी कळलं. मी आधी विचारायला हवं होतं. त्या तीन आठवड्यांत इंग्रजी वाचली असती तर मार्चलाच निघाली असती. म्हणून तोंड दाखवलं नाही. पाठवलं आणि फोन उलटा ठेवला.

मेसची घंटा झाली. सगळे गेले. मी बसून राहिलो. थोड्या वेळानं फोन थरथरला. मागे भांड्यांचा आवाज होता, धुरपताबाई काहीतरी घासत असाव्यात.

“मला ठाऊक होतं की रे. मॅडमनी मला जानेवारीतच सांगितलेलं, नकाशाचा प्रश्न तुला येणार न्हाई, बदली दुसरा येतोय म्हणून. तुला बोलले न्हाई. बोलले असते तर तू नकाशा केला नसतास.” मग म्हणाली, “मार्काचं सोड. मला गोदावरी बघायची होती.”